तू म्हणायची तीन मिनिटं

गेल्या डिसेंबरात आईला घेऊन बालगंधर्व रंगमंदिरात गेलो होतो. जुन्या भावगीतांचा कार्यक्रम होता. अशा कार्यक्रमांना पुण्यात येणारा प्रेक्षक ठरलेला. साडेपाचची वेळ असेल तर पावणेपाचला हजर. अंगावर शाल, डोक्याला माकडटोपी, कापडी पिशवीत पाण्याची बाटली आणि खोकल्यासाठी चार लवंगा. पहिल्या पाच रांगांत गुडघे बदललेली माणसं इतकी असतात, की मध्यंतरासाठी उठायची हालचाल शेवटच्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यापासूनच सुरू होते. बटाटेवडा संपायच्या आत पोचायला हवं ना. निवेदक ‘ते सुवर्णयुग’, ‘ती मंतरलेली माणसं’ वगैरे सुरू करतो आणि मागून कोणीतरी “गाणं होऊ द्या आता” असं पुटपुटतं. पुणेरी पुटपुटणं असल्यामुळे ते रंगमंचापर्यंत जातं.

गाणारी दोघं पंचविशीच्या आतबाहेरची. मुलाने जाकीट चढवलेलं, मुलीच्या केसांत गजरा, तो बहुधा संयोजकांच्या आग्रहाखातर. दोघंही सुरेल. पण खरी मजा त्यांच्यापेक्षा समोरच्या अंधारात होती. एवढी सगळी माणसं तोंड न उघडता गुणगुणायला लागली की एक वेगळाच आवाज तयार होतो. लांब कुठल्या तरी वाड्यात आरती चालली असावी आणि वारा उलटा असावा, तसा.

आणि मग अपेक्षेप्रमाणे ‘शुक्रतारा’ आलं. हे गाणं न घेता भावगीतांचा कार्यक्रम संपवायची अजून पुण्यात कोणाची हिंमत झालेली नाही. मंगेश पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचे आवाज. साठच्या दशकाच्या सुरुवातीचं गाणं. पहिलं कडवं त्याचं आहे. शेवटी तो तिला जवळ राहायला सांगतो, ‘तू अशी’. दुसरं कडवं तिचं. ती तेच म्हणते, ‘तू असा’. दोन ओळींत फरक एका अक्षराचा.

आई तोवर इतरांसारखीच गुणगुणत होती. तिचं कडवं सुरू झालं आणि आईने शब्द म्हणायला घेतले. मोठ्याने नाही, पण स्पष्ट. या कडव्यात मधे एक ‘रे’ आहे. आईने तो ‘रे’सुद्धा म्हटला आणि मग ‘तू असा’.

मी चमकून तिच्याकडे बघितलं. तिचं लक्ष समोर होतं.

आता यात चमकण्यासारखं काय, असं कोणी विचारेल. माझी आई एक्क्याऐंशी वर्षांची आहे. १९६६ साली तिचं लग्न झालं, बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. म्हणजे संसार पंचावन्नच्या वर झाला. या सगळ्या काळात तिने बाबांना एकदाही ‘तू’ म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. ‘रे’ तर फारच लांब.

आमच्या घरात ‘अहो’ होतं. नुसतं एक नव्हे, पाच-सहा प्रकारचं. आत या असं सांगणारं आखूड ‘अहो’. पाहुण्यांसमोर विषय बदला असं सुचवणारं, शेवटी किंचित वर जाणारं ‘अहोऽ’. भाजीत मीठ जास्त पडलंय हे बाबांनी बोलून दाखवल्यावरचं कोरडं ‘अहो’, त्याच्यापुढे वाक्यच नसे. १९७८ साली बाबांना टायफॉइड झाला तेव्हा रात्री दोन वाजता मला झोपेत ऐकू आलेलं एक ‘अहो’ होतं, ते मी पुन्हा कधी ऐकलं नाही. बाबा समोर नसले की ‘हे’, ‘ह्यांना’, ‘आमच्याकडे’. आमच्याकडे कारलं खात नाहीत, म्हणजे बाबा खात नाहीत.

नाव घ्यायची एकच सोय होती, उखाणा. तिथे नवऱ्याचं नाव यमकात बांधून घ्यायचं. म्हणजे गद्यात जे चालत नाही ते पद्यात चालतं, अशी आपल्या समाजाने स्वतःच करून ठेवलेली पळवाट. मंगळागौरीला, डोहाळजेवणाला, माझ्या मुंजीत आईने उखाणे घेतल्याचं मला आठवतं. नाव आलं की ती एका दमात म्हणून टाकायची, विहिरीत दगड टाकून पळावं तसं. बायका हसायच्या. बाबा पलीकडे पंगतीत असले तर पाण्याचा तांब्या उगाच सरळ करायचे.

गंमत अशी, की देवाला मात्र आपण पहिल्यापासून अरेतुरे करतो. जनाबाई तर विठ्ठलाला सरळ ‘विठ्या’ म्हणते, वर शिव्या घालते. ज्याने विश्व निर्माण केलं तो ‘अरे’ आणि जो साडेपाचला सायकलवरून घरी येतो तो ‘अहो’. माझ्या आजीला मी एकदा हे विचारलं होतं. ती म्हणाली, “देव कुठे कामाला जातो?” याच्यावर मला आजतागायत उत्तर सापडलेलं नाही.

बालगंधर्वच्या त्या खुर्चीत बसून मला वाटलं, की भावगीत हा आईच्या पिढीच्या बायकांना मिळालेला दुसरा उखाणा होता. उखाण्यात नाव घेता यायचं, भावगीतात ‘तू’ म्हणता यायचं. आणि ते थोडंथोडकं नव्हतं.

बायकांच्या तोंडी हे ‘तू’ यायला वेळही लागला. ज्या इमारतीत आम्ही बसलो होतो तिला नाव कोणाचं? बालगंधर्वांचं. संगीत नाटकाच्या त्या काळात मराठी बाईचं प्रेम, तिचा रुसवा, तिचा शालू नेसण्याचा डौल, सगळं महाराष्ट्राने बालगंधर्वांच्या, म्हणजे स्त्रीभूमिका करणाऱ्या नारायणराव राजहंसांच्या गळ्यातून ऐकलं. त्या गळ्याबद्दल बोलायची माझी पात्रता नाही. पण बाईच्या मनातलं म्हणायला पुरुष उभा होता, ही गोष्ट राहतेच. पुढे १९३०च्या दशकात ध्वनिमुद्रिकेवरून भावगीत घराघरात शिरलं, तेव्हाही हेच झालं. भावगीताच्या इतिहासात ज्या गाण्याचं नाव अगदी सुरुवातीला घेतात ते ‘रानारानात गेली बाई शीळ’. ना. घ. देशपांड्यांची कविता, जी. एन. जोशींचा आवाज. बोलणारी ‘बाई’, रानातून आलेल्या शिळेने भान हरपलेली ती, आणि गाणारे जोशीबुवा.

(शिळेवरून आठवलं. बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून सायकलने परत येताना पेरूगेटपाशी वळले की शीळ घालायचे. आजीची ताकीद होती, घरात शीळ घालायची नाही, साप येतात. म्हणून जी काय घालायची ती गल्लीत. चाल एकच आणि ती कुठल्या गाण्याची हे शेवटपर्यंत कोणाला ओळखता आलं नाही. मी आईला विचारलं होतं. “चाल कसली, चढावर दम लागतो त्यांना,” ती म्हणाली. पेरूगेटला चढ नाही. पण शीळ ऐकली की ती चहाचं आधण ठेवायची, हे मी रोज बघत होतो.)

मग गजाननराव वाटवे आले. गणपतीत पुण्याच्या चौकाचौकात मंडपासमोर सतरंज्या पडायच्या, वाटवे पेटी घेऊन बसायचे आणि कविता गायचे. माझे काका सांगायचे, की जागा धरायला ते संध्याकाळीच चप्पल ठेवून यायचे. कवीच्या वहीतली कविता रस्त्यावर बसलेल्या माणसापर्यंत नेण्याचं हे काम, माझ्या मते, आपण नीट मोजलेलंच नाही. साहित्य संमेलनं कितीही भरवा, कवी ‘अनिलां’चा सायंतारा बोहरी आळीतल्या गुमास्त्याला पाठ झाला तो वाटव्यांमुळे.

आणि मग माणिक वर्मा. पुण्यातच जन्मलेल्या, शास्त्रीय गाण्यात मुरलेल्या. त्यांच्या गळ्यातून ‘सावळाच रंग तुझा’ आलं. शब्द गदिमांचे, चाल सुधीर फडक्यांची. आता इथे बाईच बोलते, बाईच गाते आणि समोरच्याला थेट ‘तुझा’ म्हणते. कोणी भुवया उंचावल्याच तर सांगायची सोय होती, की अहो, ते श्रीकृष्णाला उद्देशून आहे. कृष्ण त्यात येतोही, पण उपमेपुरता. सावळा रंग ही त्या काळच्या गाण्यांतली मोठी उपयोगी गोष्ट. देव म्हटलं तर देव, आणि समोरच्या बिऱ्हाडात एफ. वाय.ला शिकणारा मुलगाही सावळाच होता.

कार्यक्रम संपल्यावर रिक्षात मी आईला विचारलं, “शुक्रतारा पहिल्यांदा कुठे ऐकलं होतंस गं?”

“अण्णांकडे. नव्या रेडिओवर.”

नवा रेडिओ म्हणजे पुरानंतरचा. आईचं माहेर नारायण पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा यांच्या वाड्यात पहिल्या मजल्याच्या कठड्यापर्यंत पाणी होतं. माणसं वाचली. भांडी, धान्य, गाद्या, आजोबांची पुस्तकं आणि तळमजल्यावरचा रेडिओ हे सगळं गाळात. पुढची दोन वर्षं घर उभं करण्यात गेली आणि मग कधीतरी अण्णांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, हप्त्यावर रेडिओ आणला. पोस्टात जाऊन त्याचं लायसन काढलं. आई तेव्हा एकोणीस वर्षांची.

“सगळे एकाच खोलीत बसायचो,” आई सांगत होती. “मी, माई, आई निवडायला काहीतरी घेऊन, आणि अण्णा खुर्चीत पेपर घेऊन. आणि हे गाणं लागलं. तू अशी, तू असा. आम्ही दोघींनी माना खाली घातल्या त्या घातल्याच.”

“अण्णा काही म्हणाले?”

“छे. बंद नाही केला त्यांनी कधी. फक्त पेपर वर धरायचे. असा, तोंडासमोर. गाणं संपेपर्यंत हलायचा नाही तो पेपर.”

मला ते दृश्य फार आवडलं. एका खोलीत चार माणसं, चौघांच्या कानात तेच ‘तू’, आणि चौघांनीही ते आपल्याला ऐकू आलं नाही असं दाखवायचं. आकाशवाणीचं पुणे केंद्र १९५३ साली सुरू झालं. या शहराला रेडिओने काय दिलं हे विचारलं की लोक बरोबर ‘गीतरामायण’ सांगतात. १९५५च्या रामनवमीपासून वर्षभर, छप्पन्न गीतं, सगळं खरं. त्या वेळी लोक रेडिओला हार घालून बसायचे म्हणतात. पण त्याच पेटीतून, हार न घालता, हे दुसरंही काहीतरी घरात येत होतं. त्याला कोणी पूजेची वेळ ठरवलेली नव्हती. ‘आपली आवड’मध्ये कोणीतरी गावाचं नाव घालून पत्र पाठवायचं आणि निवेदिका ती नावं वाचायची. आई म्हणते, की त्या नावांच्या यादीकडे तिचं गाण्यापेक्षा जास्त लक्ष असायचं. का, ते तिने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. मुलाने किती विचारावं यालाही मर्यादा आहे.

तीन मिनिटं का, हाही प्रश्न मला पूर्वी पडायचा. याचं कारण अगदीच रुक्ष आहे. लाखेच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या वेगाने, साधारण तीन-साडेतीन मिनिटांचंच गाणं मावायचं. ख्यालवाल्यांची त्यात कुचंबणा झाली. भावगीत मात्र त्या मापात शिवल्यासारखं बसलं. एक मुखडा, दोन किंवा तीन कडवी. आलापाला जागा नाही, तान घ्यायचीच तर जाता जाता. मग गायकाच्या हातात उरतो शब्द. यशवंत देव याला ‘शब्दप्रधान गायकी’ म्हणायचे, त्यांनी त्या नावाचं पुस्तकच लिहिलं. शब्द म्हणजे स्वर टांगायची खुंटी नव्हे, हा त्यांचा मुद्दा. ‘तू’ हा एकच शब्द घेतला तरी तो विनवणीचा आहे, की लाडाचा, की निरोपाचा, हे ऐकणाऱ्याला पहिल्या फटक्यात कळायला हवं. आईच्या सहा ‘अहों’ची ज्याला तालीम आहे त्याला यशवंत देवांचं म्हणणं लगेच पटेल.

आणि आवाज. लताबाई आणि आशाबाई यांच्याबद्दल मी काय बोलणार, ते दोन डोंगर आहेत आणि आपण पायथ्याशी राहतो. पण मला स्वतःला एक फरक जाणवत आलाय. लताबाईंचं गाणं लागलं की मी ऐकतो. अरुण दात्यांचं लागलं की मी म्हणायला लागतो. तो आवाज आपल्या आवाक्यातला वाटतो. किंचित अनुनासिक, बोलल्यासारखा, घशाखालून वर यायला जरा संकोचणारा. शिक्षणाने कापड-अभियंता, नोकरी सांभाळून गाणारा माणूस. त्यांच्या तोंडचं ‘तू’ नायकाचं वाटत नाही. बँकेत नाहीतर कारखान्यात आठ तास काढून आलेल्या, एरवी ‘भाजी कोणती आणू’ याच्यापलीकडे बायकोशी न बोललेल्या माणसाचं वाटतं. त्या गाण्याने पुण्यातल्या किती मुक्या माणसांना उसना आवाज दिला असेल.

त्यात पुन्हा मौज बघा. दाते मूळचे इंदूरचे. आपल्या इंदुरी मराठीला इकडचे लोक हसतील म्हणून मराठी गायला आधी बिचकत होते. सुधा मल्होत्रांचा जन्म दिल्लीचा, त्यांचं नाव हिंदी गाण्यांत. म्हणजे मराठी माणसाने ज्या गाण्यात आपलं प्रेम कायमचं ठेवून दिलं, ते गाणारी दोघंही मुंबई-पुण्याच्या मराठीत वाढलेली नव्हेत. ण आणि न वरून ज्या शहरात ओळखी तुटतात त्या शहराने हे दोन आवाज डोक्यावर घेतले. मला तर वाटतं, बाहेरून आल्यामुळेच त्यांना ते ‘तू’ म्हणणं सोपं गेलं असेल. आमच्या पेठेतल्या माणसाला तिथे हमखास ठसका लागला असता.

आता एका गाण्याबद्दल जरा तक्रारीच्या सुरात. गाण्याविषयी नव्हे, ते लावणाऱ्यांविषयी. लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला, कर्वे रोडवरच्या कुठल्याशा हॉलमध्ये, वर-वधूंना पुन्हा हार घालायला उभं करतात आणि मागे ‘तोच चंद्रमा नभात’ लावतात. मी निदान चार वेळा हे अनुभवलंय. अहो, ते गाणं काय सांगतंय? चंद्र तोच, चैत्रातली रात्र तीच, जवळ असलेली तूही तीच. आणि तरीही ते पूर्वीचं काही उरलेलं नाही. ओढ नाही, स्वप्न नाही, गाणं जुळून येत नाही. मांडवात लावायचं हे गाणं आहे?

शांता शेळक्यांना ही कल्पना एका संस्कृत श्लोकावरून सुचली. ‘यः कौमारहरः’ या शब्दांनी सुरू होणारा तो श्लोक शीलाभट्टारिका या कवयित्रीच्या नावावर आहे आणि मम्मटाच्या ‘काव्यप्रकाश’ या काव्यशास्त्राच्या ग्रंथात तो येतो. त्यात बोलणारी स्त्री आहे. ज्याने माझं कौमार्य हरलं तोच आता माझा नवरा आहे, चैत्राच्या रात्री त्याच, वाराही तसाच सुगंधी, मीही तीच, तरी रेवेच्या, म्हणजे नर्मदेच्या, काठच्या त्या वेताच्या झाडाखालच्या भेटीसाठी माझं मन झुरतं, असं ती म्हणते. नवरा तोच, आणि तरी मन चोरट्या भेटींच्या काळात अडकलेलं. हजारेक वर्षांपूर्वी एका बाईने हे सरळ सांगून टाकलंय.

शांताबाईंनी काय केलं, तर हे बोलणं पुरुषाच्या तोंडी दिलं. मराठी गाण्यात तो तिला ‘तूही कामिनी’ म्हणतो, आणि गातात स्वतः सुधीर फडके. रेवेचा काठही गेला. परत कुठे जावंसं वाटतंय ते ठिकाणच उरलं नाही, नुसतं हरवणं उरलं. का केलं असेल शांताबाईंनी असं? साठच्या दशकातल्या मराठी बाईने ‘तू तोच आहेस पण मला आता तसं वाटत नाही’ हे आपल्या माणसाला रेडिओवरून सांगणं जड गेलं असतं, म्हणून? की बाबूजींचा, म्हणजे फडक्यांचा, आवाज डोळ्यांसमोर होता, म्हणून? माझं मत पहिल्याकडे झुकतं, पण ते आपलं माझं मत. एवढं खरं, की बाईला ‘तू असा जवळ राहा’ म्हणायची मुभा मिळाली. ‘जवळ आहेस आणि तरी नाहीस’ म्हणायची मुभा त्या तीन मिनिटांनीही पुरुषाकडेच ठेवली. पन्नासाव्या वाढदिवसाच्या हॉलमध्ये हार सांभाळत उभ्या असलेल्या आजी मात्र ते गाणं गुणगुणत असतात आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काही म्हणता काही कळत नाही. कदाचित त्यांनाच अर्थ नीट माहीत असेल.

माझी स्वतःची या गाण्यांतली कामगिरी सांगण्यासारखी नाही, तरी सांगतो. १९८८ साली, शेवटच्या वर्षाला असताना, एका मुलीला मी कॅसेट भरून दिली होती. तेव्हा लक्ष्मी रोडच्या आतल्या एका गल्लीत एक जण अशा कॅसेटी भरून द्यायचा. तुम्ही कागदावर गाण्यांची यादी द्यायची, साठ मिनिटांची कोरी कॅसेट द्यायची, चार दिवसांनी न्यायची. मी ती यादी करायला आठवडा घेतला. ओळखीची गाणी आधी, मग जरा धीट, शेवटी एकदम मुद्द्याचं. ते पत्रच होतं म्हणा ना. दुकानदाराने ते क्रमच बदलून भरलं. “बी साइडला बसत नव्हतं, म्हणून शेवटचं पहिलं टाकलंय,” तो म्हणाला. म्हणजे पत्राची सुरुवातच सहीपासून.

मुलीने कॅसेट नेली आणि पंधरा दिवस काही बोलली नाही. मग एक दिवस वैशाली हॉटेलबाहेर भेटली. म्हणाली, “अरे, ती कॅसेट बाबांना इतकी आवडली! रोज रात्री लावून बसतात. अजून एक भरून देशील का त्यांना?”

दिली. काय करणार. त्या गृहस्थांची पत्नी दोन वर्षांपूर्वी गेली होती, हे मला पुढे कळलं. तेव्हा मला फार राग आला होता, माझं ‘तू’ भलत्याच पत्त्यावर गेलं म्हणून. आज वाटतं, त्या कॅसेटला बरोबर घर मिळालं.

या गाण्यांतल्या ‘तू’ला नाव नसतं, चेहरा नसतो. चंद्र, वारा, पाणी, फूल यांच्या मधोमध एक रिकामी खुर्ची असते. ना. घ. देशपांड्यांच्या शिळेपासून हेच चाललंय. शीळ ऐकू येते, घालणारा दिसत नाही. ज्याला जो बसवायचा असेल त्याने तो बसवावा, काढावा, पुन्हा बसवावा. एकोणिसाव्या वर्षी आईच्या त्या खुर्चीत कोण होतं कोण जाणे. बहुधा कोणीच नसेल. अण्णांच्या पेपरपलीकडे तिला एवढंच कळलं असेल, की कोणाला तरी असं म्हणता येतं.

घरी आल्यावर लेकीला हे सगळं सांगत होतो. ती चोवीस वर्षांची, हिंजवडीला नोकरी करते, आणि तिचं लग्न ठरलंय त्या मुलाला ती माझ्यासमोर “ए बावळट” म्हणते. तिच्या आईने मला पहिल्या दिवसापासून ‘अरे’ म्हटलेलं. म्हणजे आमच्याकडे ‘तू’ची टंचाई एका पिढीपूर्वीच संपली. तरी या पोरीच्या फोनवर ‘शुक्रतारा’ आहे, कोणा नव्या मुलाने गिटारवर गायलेलं. एक मुलगी आणि एक मुलगा झेड ब्रिजवर स्कूटर लावून, एकच इअरफोन दोघांत वाटून काय ऐकतात असा मला नेहमी प्रश्न पडतो. त्यातले थोडे तरी हे ऐकत असतील, असं तिच्याकडून कळलं.

“तुला काय मिळतं गं त्यात?” मी विचारलं. “तुम्हाला तर बोलायला कोणाची बंदी नाही.”

तिने थोडा विचार केला. “म्हणूनच रे बाबा. आमचं दुसऱ्या आठवड्यातच सगळं बोलून झालेलं असतं. चॅटवर. आवडी, नावडी, आधीचे कोण, किती पगार. ह्या दोघांचं अजून बोलायचं बाकी आहे.”

मला यावर काही सुचलं नाही. मी चहा टाकायला आत गेलो.

आत आई ओट्याशी उभी राहून तांदूळ धूत होती. कार्यक्रमाचा पास अजून तिच्या हातातल्या रुमालात होता. मी तसाच सहज विचारलं, “बाबांना आवडायचं का गं शुक्रतारा?”

“ह्यांना?” आई म्हणाली. “ह्यांना गाण्यातलं काय कळत होतं. रेडिओ लावायचा तो बातम्यांसाठी.”

तिने पाणी ओतून टाकलं, दुसरं घेतलं.

“मी इथे म्हणत असायची कधीतरी, काम करता करता. ते बाहेर पेपर वाचत बसलेले असायचे.”

मी थांबलो.

“पान उलटल्याचा आवाज यायचा नाही,” आई म्हणाली आणि कुकरचं झाकण शोधायला लागली.